आवाक्यातला बॉल

मेसईद (कतार), ८ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
चारुलताचा शि. सा. न. वि. वि.

तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, म्हणून कागद घ्यावा लागला. आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर बालाजीभाऊ दोह्याला येतात, ते हे पत्र तुझ्या वॉचमनकडे देतील.

काल आपण सॉफ्टबॉलची सेमीफायनल जिंकलो. त्याचा आनंद करायचा सोडून तू सगळ्यांदेखत माझ्या नुपूरला म्हणालास की तिनं मामाला मान खाली घालायला लावली. काय केलं रे पोरीनं? शॉर्टस्टॉपला उभी होती, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, जिथं सगळ्यात जास्त बॉल येतात. पार तिसऱ्या बेसकडं गेलेला बॉल तिनं झेपावून गाठला, तो ग्लोव्हला लागून सुटला. तू लगेच स्कोअरबुकात तिच्या नावावर चूक मांडलीस. त्याआधी तुझा कुशल त्याच जागी होता, तेव्हा तसलाच बॉल तो उभ्या उभ्या बघत राहिला. ती मात्र चूक नाही, बॅटरचा चांगला फटका! वा रे मॅनेजर! जळगावला शाळेच्या टीममधून मीही खेळलेय. झेपावून सुटलेला बॉल चूक धरत नाहीत, हे मला अजून आठवतं.

ऑगस्टमधे नुपूर शिकायला पुण्याला जाईल. इथली ही तिची शेवटची फायनल. तिला शॉर्टस्टॉपला उभी कर, एवढंच मागणं आहे.

नीतावहिनींना नमस्कार. लोभ उरला असेल तर कळव.
चारुलता


दोहा, ११ फेब्रुवारी

चि. सौ. चारुलतास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. नीतानं चहा घेताना मोठ्यानं वाचून दाखवलं, आम्हाला हसू आवरेना. एवढ्या मिरच्या झोंबल्या?

कुशलच्या नावावर सीझनभरात एक चूक नाही. नुपूरच्या नावावर बोटं पुरत नाहीत. याला मी काय करू? फायनल फिलिपिनो टीमशी आहे, ते लोक असल्या उड्यांना फसत नाहीत. शॉर्टस्टॉपनं आवाक्यातला बॉल घ्यावा, बाकीचे जाऊ द्यावेत. तुझ्या लेकीला सगळीकडं पळायचं असतं आणि मग हातातलं सांडायचं असतं. हा धांदरटपणा कुठून आला ते सांगायला नको. बाबांच्या गोळ्यांचं आठवतं ना?

टीम कशी उभी करायची ते माझ्यावर सोड. जावईबापूंना नमस्कार. तुझा राग उतरला की आमचा लोभ तुला दिसेल.
शशिकांत


मेसईद, १३ फेब्रुवारी

दादा,

आज नमस्कार नाही. तू बाबांचं नाव काढलंस.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मेसईदहून जळगावला कोण गेलं? मी. सहावीतल्या नुपूरला शेजारच्या नजमाआपाच्या हवाली करून गेले. रात्रंदिवस उठबस केली. एकदा, एकदाच, सकाळची प्रेशरची गोळी झोपेच्या तारेत दोनदा दिली गेली. त्यांना चक्कर आली, डॉक्टरांना बोलावलं, संध्याकाळपर्यंत ते उठूनही बसले. तेवढं तू गेली सहा वर्षं प्रत्येक गणपतीत, प्रत्येक हळदीकुंकवात हसत हसत सांगतोस. तुझ्या हातून एकही गोळी चुकली नाही, खरं आहे. तू आलाच नाहीस! फोनवर काळजी घे म्हणायचास आणि इन्शाल्ला पुढच्या महिन्यात म्हणून ठेवून द्यायचास. बाबा दाराकडं बघायचे रे. माझी चूक तुझ्या तोंडपाठ आहे, तुझी कुणी कुठं मांडायची?

कुशलवर माझा राग नाही. तो तुझ्याकडं बघूनच उभा राहायला शिकलाय.

नुपूरला खेळव नाहीतर नको खेळवू. लोभाबिभाचं आज मला काही लिहिता येत नाही.
चारुलता


दोहा, २२ फेब्रुवारी

चि. सौ. चारुलतास,
अ. उ. आ.

खेळाच्या पत्रात बाबांना आणायची गरज नव्हती. मला रजा मिळत नव्हती, हे तुला तेव्हाही माहीत होतं. खलास, तो विषय बंद.

आता कालच्या फायनलचं. तुझ्या हट्टापायी मी पोटच्या पोराला बसवलं आणि नुपूरला पूर्ण मॅच शॉर्टस्टॉपला ठेवलं. नीता अजून माझ्याशी धड बोलत नाही. उभं करण्याआधी मी नुपूरला बाजूला घेऊन बजावलं होतं, आवाक्यातलाच बॉल घ्यायचा, एक जरी चूक झाली तरी बाहेर काढीन, मग आईला कितीही पत्रं लिहू दे. आणि बघ! एकही चूक नाही. आपण हरलो, ते बॅटिंगमुळे. पण तुझी लेक एका दिवसात सुधारली आणि ती माझ्यामुळे. हे मान्य करायला तुझी जीभ रेटणार नाही, तरी मी मोठा म्हणून लिहितो, झालं गेलं विसरू. शुक्रवारी तिघंही जेवायला या. लोभ होता तसाच आहे.
शशिकांत


मेसईद, २४ फेब्रुवारी

ती. स्व. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मॅचला होते, तुम्हाला ठाऊक आहे. पाचव्या डावात बॉल तिच्या डावीकडून गेला, दोन पावलांवरून. मी जागची उठले, म्हटलं आता उडी घेणार. ती हलली नाही. बॉलकडं न बघता तिनं तुमच्याकडं बघितलं. पुढचा बॉल उजवीकडून गेला, तेव्हाही तेच. दोन रन तिथंच गेले. तुम्ही ते बॅटरचे चांगले फटके म्हणून मांडलेत.

परतीच्या बसमधे तिनं मला इंग्रजीत विचारलं, की आता मामा तिला चांगली म्हणेल ना? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दर शुक्रवारी तिच्या खेळायच्या पँटचे गुडघे मातीनं भरलेले असायचे. मी ब्रशनं घासत बसायची आणि करवादायची की या पोरीला उभं राहून खेळता येत नाही का. या शुक्रवारी पँट धुवायला घेतली, तर गुडघे कोरे होते. तशीच घडी करून कपाटात ठेवली.

जेवायला आम्ही येणार नाही. वहिनींना नमस्कार, कुशलला आशीर्वाद. लोभ तुमच्या आवाक्यात असेल तेवढाच असू द्या.

चारुलता