कॅप्टन मॅग्रा आणि मी

२ ऑगस्ट, शनिवार
मी इतिहासकार झालो. जुन्या सिमेट्रीत एक दगड सापडला: कॅप्टन मॅग्रा, जन्म आयर्लंड, पुण्याच्या छावणीत चाकरी, मृत्यू ऑकलंड. पुणे ते ऑकलंड! अगदी माझाच रूट. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत यांच्यावर बोलणार. सांस्कृतिक बघणाऱ्या दमयंतीताईंनी अर्धा तास दिला.
आमची सिद्धी चौदा वर्षांची. मंडळाला येत नाही, आणि मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. यंदा तिला पहिल्या रांगेत बसवणार. बापाचा अभिमान वाटायलाच हवा.

९ ऑगस्ट
नेटवर हीss माहिती मिळाली! साहेबांनी सहा पलटणी बदलल्या. सगळीकडून मागणी असणार. विभावरीचं म्हणणं, कुठेच नको झाले असतील. बायको नर्स आहे, तिला लष्करातलं काय कळतंय.
कॅप्टन व्हायच्या आधी वीस वर्षं लेफ्टनंटच राहिले. माझंही ऑफिसात तेच चाललंय. आमच्यासारख्यांवर वरचे लोक जळतात.

१२ ऑगस्ट
साहेबांवर कोर्ट मार्शल झालं होतं. पलटणीचा घोडा हरवला म्हणून. शुद्ध पॉलिटिक्स.

१६ ऑगस्ट
ताईंचा फोन. लेझीम वाढलंय, दहाच मिनिटं मिळतील. उत्तम. मोठी माणसं थोडक्यातच बोलतात.
वेशात बोलायचं ठरवलं. पापाटोएटोच्या देशी दुकानात लाल कोट मिळाला, सोनेरी बटणं, खांद्यावर झालर. विभावरी बघून बराच वेळ हसली. कारण सांगेना.

२३ ऑगस्ट
पाच मिनिटं. हरकत नाही.
आरशासमोर तालीम केली. कॅप्टन वारतात तिथे मला खरंच रडू आलं. सिद्धी दारातून म्हणाली, स्वीट ॲज, डॅड, म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत एकदम भारी. कार्यक्रमाला येते म्हणाली! दिवसभर हवेत होतो.

३१ ऑगस्ट, रविवार
काल कार्यक्रम झाला. सिद्धी पहिल्या रांगेत. मी "आयर्लंडमध्ये जन्मलेले" एवढं म्हणालो आणि ताईंनी महाप्रसाद जाहीर केला. अख्खा हॉल मसालेभाताच्या रांगेत. सैनिक माघार घेत नसतो. रांगेशेजारून चालत बोलत राहिलो.
फ्लॅट बुश भागातल्या कल्याणीताई मात्र शेवटपर्यंत ऐकत होत्या. कोटावरून नजर हलेना. मग म्हणाल्या, ड्रेस झकास आहे, नोव्हेंबरात आमच्या सुयशची वरात आहे, तुमचा बँड त्या दिवशी मोकळा आहे का.
मी पुन्हा आयर्लंडपासून सुरुवात केली. तेवढ्यात सिद्धी मध्ये आली आणि चारचौघांत पहिल्यांदाच स्वच्छ मराठीत बोलली. म्हणाली, बाबा मोकळेच असतात.