आईनं पसंत केलेला टीव्ही

केडगाव,
२ एप्रिल १९९८

आदरणीय दाजींना,

भीमराजचा सप्रेम जय भीम. आम्ही सगळे ठीक आहोत, तुम्हीही असालच. (नसाल तर हे पत्र वाचून तब्येत आणखी बिघडेल, त्याला माझा इलाज नाही.) तुमच्या गुडघ्याचं काय झालं? ताईचा घसा सांभाळा. भीमजयंतीला ती दूरदर्शनवर गाणार हे कळल्यापासून गल्लीत माझ्या तब्येतीपेक्षा तिच्या घशाची चौकशी जास्त होते.

आता मुद्द्यावर येतो. दाजी, तुम्ही माझा घात केलात. आईनं कधी नव्हे तो हट्ट धरला की माझी माधुरी गाताना मला माझ्या घरात बसून बघायचीय. मी सरळ जाऊन एक रंगीत टीव्ही उचलणार होतो. तेवढ्यात तुमचा सल्ला आला. फुगीर काचेचा घेऊ नकोस, सपाट काचेचा बघ, मागून पडद्यावर चित्र फेकणारा मोठा बघ, आणि जमलं तर थांबच, कारण जपानात हाय डेफिनिशन आलाय, चित्र दुप्पट रेषांचं, त्यात माणसाच्या पापण्यासुद्धा मोजता येतात. थांब म्हणे! जयंती थांबणार आहे का? चुकीचा टीव्ही आणला आणि आईला ताई धड दिसली नाही, तर जन्मभर ऐकून घ्यायचं कुणी?

म्हणून परवा आईलाच घेऊन नगरला काकासाहेबांच्या टीव्हीच्या दुकानात गेलो. तिला मधोमध स्टुलावर बसवलं आणि मी तुमच्या सांगण्याप्रमाणे रेषा बघायला काचेला नाक लावलं. काचेवरच्या विजेचा नाकाला असा चटका बसला की मी मागच्या मिक्सरवर जाऊन आदळलो. "साहेब, टीव्ही बघायचाय का हुंगायचाय?" असं काकासाहेब सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. (मिक्सर शाबूत आहे. माझी इज्जत नाही.) मग तो पडद्याचा टीव्ही बघितला. कपाटाएवढा! समोरून झकास, पण जरा बाजूला सरकलं की चित्र काळपट. जयंतीला अख्खी गल्ली आमच्या घरात बसणार, मग कडेच्या लोकांनी काय अंधार बघायचा? सपाट काचेत दारातला उजेड चमकत नव्हता, पण त्यातल्या बाईचा चेहरा मला हिरवा वाटला. आमची ताई हिरवी दिसली तर?

आई मात्र प्रत्येकाला "छान हाय, लई छान हाय" एवढंच म्हणत होती. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, आई, बाई गं, एक काहीतरी सांग. तिनं दाराजवळच्या एका टीव्हीकडे बोट केलं. "ह्यो घे. डोळ्याला गार वाटतो."

दाजी, तो टीव्ही बंद होता.

दुकान हसलं. मी आईवर सगळ्यांसमोर ओरडलो की चेष्टा सुचते का तुला, इथं माझा जीव टांगणीला लागलाय! ती पदर सावरून उठली आणि सिटी बसमध्ये घरापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. तेव्हा आता तुम्हीच काय ते एकदाचं कळवा, फुगीर की सपाट. आणि जपानचं नाव पुन्हा काढू नका.

आपला,
भीमराज

ता. क. काल पाकीट चिकटवणार तेवढ्यात दीपानं माझ्या हातातून पत्र ओढून वाचलं आणि मलाच झापलं. "अहो, आईंना दिसतच नाही नीट. त्यांनी निवडलेले तांदूळ मी गुपचूप परत निवडते. दारात कोण आलं ते आवाजावरून ओळखतात त्या." आईला विचारलं तर म्हणाली, "मोतीबिंदू आसंल. जयंती हुऊ दे, मग सांगनार हुते. आधी सांगितलं आसतं तर माधुरी गानं टाकून पळत आली आसती." दाजी, मी माझ्या आईवर भर दुकानात ओरडलो हो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुमच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जयंतीनंतरचा पहिला नंबर लावा. ताईला आत्ता एक अक्षर सांगू नका, आईची शपथ आहे. टीव्ही मी आजच आणतो, कुठला का असेना.

ता. क. दुसरा. आई शेजारी बसून लिहायला लावते आहे. ताई गाणाऱ्यांच्या रांगेत कुठं उभी राहणार, डावीकडे की उजवीकडे, तेवढं नक्की विचारून कळवा. गल्ली जमल्यावर आईला बरोबर तिकडे बघून "दिसली, दिसली" म्हणायचं आहे.