चौथ्या गिअरात जोतिबाचा घाट एकदा चढवून बघण्याबाबत

प्रति,
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी साहेब,
कोल्हापूर.

अर्जदार : श्रीमती चिमणाबाई गुंडू मोरबाळे, वय ७३, धंदा घरकाम व दोन म्हशी, रा. कोडोली, ता. पन्हाळा.

विषय : माझ्या मयत मुलाच्या गाडीला बसवलेला मोठा टर्बो काढून टाकण्याआधी गाडी जोतिबाच्या घाटात एकदा चौथ्या गिअरात चालवून बघणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या तपासणी पथकाचा दि. ९ मार्च २०२५ रोजीचा अहवाल.
२) त्याच दिवशी मी पथकातल्या साहेबांना सांगितलेल्या गोष्टी (सगळ्या खोट्या).

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करते की, एवढं वाक्य माझ्या नातीनं, अनुजानं, घालून दिलंय. पुढचं माझं मी लिहिते. ती म्हणती, "आज्जी, मुद्द्याला धरून लिही, आकडे घाल, आणि देवाशप्पत थापा मारू नको." आकडे घालते. बाकीचं जमंल तसं.

१. गाडी पांढरी, डिझेलवरची, चार माणसांची. कंपनीतनं निघाली तवा तुमच्या-आमच्या गाडीगतच हुती. माझा पोरगा अमरसिंह, थोरला म्हणा, धाकटा म्हणा, एकच, त्यानं आठ वरसांमागं ती जुनी घेतली. त्यो शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. लोखंड ओतायच्या आदी लाकडाचा नमुना करत्यात, त्याला पॅटर्न म्हणत्यात, त्यो करायचं काम त्याचं. त्याच गाडीतनं दूध डेअरीला जायचं, अनुजा कॉलेजला जायची आणि मी दात काढायला गेलते. मागल्या भादव्यात दुपारचा डबा खाऊन उठताना त्याच्या छातीत कळ आली आणि अमर गेला. वय चव्वेचाळीस. डब्यात मी मेथी दिलती.

२. आपल्या अहवालात गाडीत अकरा बदल लिहिल्यात. अहवाल बरोबर हाय, माझी तक्रार न्हाय. उलट बदल बारा हाईत. एक साहेबांस्नी दिसला न्हाय, आणि आत्ता तरी मी सांगत न्हाय.

३. अहवालात "सदर बदल मयत मालकाने हौसेखातर केल्याचे दिसते" असं लिहिलंय. ही एकच ओळ चुकीची हाय. ह्यो गुन्हा माझा हाय साहेब, माझ्या तोंडाचा. कसा ते सांगते.

आमचं मालक, गुंडू मोरबाळे, वारलं, त्यानंतर वरीसभर मी कुणाशी धड बोलले न्हाय. त्याआदी मी लई बोलायची. आमच्या म्हशीनं बिबट्याला वैरण चारली हे मी सांगितल्यालं कोडोलीत अजून निम्मं लोक खरं मानत्यात. तर वरीसभर ते तोंड बंद. मग अमरनं ही गाडी आणली आणि शेजारची धोंडुबाई बघायला आली. म्हणाली, "एवढीशी? हिच्यात तुझं तू तरी मावतीस का?" माझ्या तोंडातनं निघून गेलं, "काल ह्याच गाडीतनं आमी नऊ बायका टाळ-मृदंगासकट भजनाला गेलतो." निवळ थाप. पाच बसल्या तर गाडी भुईला टेकत हुती.

अमर दारात उभा हुता. आत आला, माझ्याकडं बघून लई हसला आणि दुसऱ्या रविवारी गाडीच्या स्प्रिंगा काढून मोठ्या गाडीच्या बसवल्या. अहवालातला बदल क्रमांक एक.

मग मला चेव आला. मी म्हटलं, आमच्या गाडीचा हॉर्न ऐकला की म्हशी पान्हा सोडत्यात. त्यानं ट्रकचा हवेचा हॉर्न बसवला. बदल क्रमांक चार. (म्हशींनी चार दिवस दूध चोरलं, ते वेगळं.) मी म्हटलं, गाडी उसाच्या सरीतनं पळती. त्यानं रुंद चाकं घातली, आणि सरीत रुतलेली गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर आणला. मी म्हटलं, गाडी कोडोलीत चालू केली की पन्हाळ्यावर ऐकू येती. तो बदल तर साहेबांनी सायलेन्सरमधी हात घालून मोजला. असं करत करत दहा झालं. प्रत्येक बदलामागं माझी एक थाप हाय. तारखेसकट सांगू शकते, पण तारखा पण मी ठोकून देईन म्हणून अनुजा नको म्हणती.

४. आता अकरावा. म्हंजे टर्बो.

टर्बो म्हंजे काय ते आपल्याला म्हाईत असणार, तरी मला जे समजलंय ते लिहिते. चुलीला जशी फुंकणी, तशी इंजिनाला ह्यो. इंजिनाच्याच धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि आत वारा कोंबतो, मग जाळ धरतो. कंपनीनं दिलेली फुंकणी बारकी हुती. दोन वरसांमागं आमी पाच बायका जोतिबाला निघालो, तर तिसऱ्या वळणाला गाडी जी बसली ती उठंना. सगळ्या उतरलो. धोंडुबाईनं मागनं ढकलली. तिनं ही गोष्ट साऱ्या गल्लीला सांगितली, वर माझ्या तोंडावर म्हणाली, "चिमणे, तुझी गाडी घाटात म्हशीगत बसती."

मी काय म्हणावं? म्हणाले, "त्या दिवशी तुझं वजन हुतं. एरवी आमची गाडी चौथ्या गिअरात घाट चढती."

गल्ली हसली. अमरपण हसला. म्हणाला, "आये, बोललीस नव्हं? मग चढायलाच पायजे."

त्याचा दोस्त नईम, मोटारीचा मेकॅनिक, शिरोलीतच त्याचं गॅरेज, मला मावशी म्हणतो. त्यानं अमरला समजावलं, "अरं, चौथ्यात घाट कोण चढवतंय? खुळा हैस का?" तरी दोघं लागलं. पहिल्यांदा एका पिकअपचा मोठा टर्बो बसवला. इंजिन हळू असलं की त्यो झोपायचा आणि उशिरा जागा व्हायचा. चढाला गाडी रडत रडत निम्म्यात जायची आणि मग एकदम उसळी घ्यायची. एकदा माझ्या मांडीवरची नारळाची पिशवी मागच्या काचेला जाऊन धडकली. (ही थाप न्हाय. काचेला तडा हाय, बघा.) मग त्यो काढला. मधल्या मापाचा, लवकर जागा होणारा शोधायला पाच म्हैनं गेलं. त्यो मिळाला तर इंजिनाला जोडायचा तुकडा जुळंना. तसला तुकडा बाजारात मिळत न्हाय. मग अमरनं घरी सोप्यात बसून सागवानाचा पॅटर्न केला, आणि फौंड्रीच्या मालकांची परवानगी काढून सुट्टीच्या दिवशी त्यावरनं तुकडा ओतून घेतला. तीनदा बिघडला. चौथ्यांदा बसला.

ह्या तुकड्याबद्दल अहवालात लिहिलंय, "मूळ कंपनीचा नाही. 'चिमणा' या अनोळखी कंपनीची खूण आढळते."

साहेब, ती कंपनी म्हंजे मी. लोखंडावर उठलेलं नाव माझं हाय. त्यानं पॅटर्नवर अक्षरं चिकटवलती आणि मला सांगितलं न्हवतं. मला ह्या अहवालातनंच कळलं. अनुजानं वाचून दाखवलं तवा मी म्हणाले, परत वाच. तिनं परत वाचलं.

टर्बो बसला त्यो दिवस शुक्रवार. अमर म्हणाला, "आये, पुढच्या रविवारी तू, मी आणि धोंडुबाई. पुढं तिलाच बसव." मंगळवारी त्यो गेला. गाडी सा म्हैनं ताडपत्रीखाली हुती.

५. आता दि. ९ मार्चचं. जोतिबाचं पाच रविवार खेटं असत्यात, म्हंजे दर्शनाच्या वाऱ्या. माझं तीन एसटीनं झालं. चौथ्याला नईम पहाटंच आला आणि म्हणाला, "मावशी, उठा. रस्ता मोकळा हाय तवर गाडीच काढू. अमरचं काम एकदा घाटात बघूया." मला पण बघायचं हुतं. निघालो. घाटाच्या पायथ्याला आपलं पथक उभं.

साहेब तरणं हुतं, गोड बोललं. "आज्जी, गाडीत काय काय बदललंय?" एवढंच विचारलं.

सा म्हैन्यात मला कुणी काय विचारलं न्हवतं. लोक येत्यात, बसत्यात, "जेवलीस का" म्हणत्यात आणि जात्यात. गाडीचं कुणी विचारलं न्हाय, अमरच्या हातचं कुणी विचारलं न्हाय. आणि मी तोंड उघडलं. म्हणाले, ही गाडी दोनशेच्या वर घाट चढती. म्हणाले, चौथ्या गिअरात, एका हातानं. म्हणाले, गेल्या चैत्रात लोकांनी उधळलेला गुलाल खाली पडायच्या आत आमी वर जाऊन दर्शन घेऊन माघारी आलो, गाडी पांढरीच. म्हणाले, एक घार आमच्याबरोबर निघालती, तिनं दुसऱ्या वळणाला नाद सोडला. नईम मागनं माझं लुगडं ओढत हुता. साहेबांचा पेन चालत हुता, माझं तोंड चालत हुतं. पाव तास मी लई सुखात हुते, खोटं कशाला सांगू.

मग साहेबांनी बॉनेट उघडलं.

त्यांची काय चूक न्हाय. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि जसंच्या तसं लिहिलं. घार तेवढी गाळली. पण अहवालात आता असं हाय : "वाहन चौथ्या गिअरात अतिवेगाने घाट चढते, असे वाहनासोबतच्या महिलेने स्वतः कबूल केले." गाडी त्या दिवशी घाट चढलीच न्हाय साहेब. पायथ्यालाच धरली. नवा टर्बो बसल्यापास्नं ती एकदाबी घाट चढलेली न्हाय.

६. रात न्हाय, दिवस न्हाय, माझ्या डोक्यात एकच येतं. आठ वरसं, दर रविवारी, माझा पोरगा माझ्या तोंडापायी गाडीखाली उताणा पडून हुता. सा दिवस फौंड्रीत आणि सातवा माझ्या थापेखाली. मी गप बसले असते तर रविवारी त्यो जेवून झोपला असता. छातीला इसावा मिळाला असता. डॉक्टर म्हणालं, तसं काय नसतं आज्जी. डॉक्टरांस्नी चांगलं बोलायला शिकवलेलं असतंय.

हे मी नईमला बोलून दाखवलं. त्यो पाना ठेवून माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "मावशी, अमर मला काय म्हणायचा सांगू? म्हणायचा, ह्यो बदल झाला की आयेला नवीन काय तरी बोलायला मिळंल. बाप गेल्यावर वरीसभर घरात आवाज न्हवता, तसं परत नको."

हे खरं का नईमनं माझ्यासाठी मारलेली थाप, मला कळलं न्हाय. थापांतलं मला लई कळतं, पण हे कळलं न्हाय.

७. तरी आपणांस हात जोडून विनंती की :

(अ) टर्बो काढा. हॉर्न काढा, सायलेन्सर काढा, चाकं काढा, अकराच्या अकरा बदल काढून गाडी कंपनीसारखी करा. नियम त्यो नियम. माझी हरकत न्हाय. नईम स्वतः येऊन काढून देईल. दुसऱ्याच्या हातनं नको, एवढंच.

(ब) काढल्यावर माझ्या नावाचा लोखंडी तुकडा भंगारात न टाकता मला द्यावा. मी त्यो कुठल्याबी गाडीला लावणार न्हाय. पाट्याजवळ ठेवीन, मसाला वाटताना समोर असंल.

(क) मात्र काढायच्या आदी एक काम सरकारी रीतीनं पुरं करावं. माझी कबुली तुमच्या कागदावर हाय, पण ती खरी का खोटी हे कुणी तपासलेलं न्हाय. न तपासलेली गोष्ट कागदावर ठेवू नये, असं अनुजा म्हणती आणि मलाबी पटतं. म्हणून आपल्याच एका साहेबांनी गाडी चालवावी. रविवारी शेवटचा खेटा हाय, पाय ठेवायला जागा नसती. त्यामुळं बुधवारी नाय तर बिस्तरवारी, सकाळी, रस्ता मोकळा असताना. वेग नको. दोनशे मी म्हणाले हुते, गाडी म्हणाली न्हवती. नियमात बसंल तेवढाच. फक्त तिसऱ्या वळणापास्नं वरपतूर गिअर चौथा असावा. नईम शेजारी बसंल, टर्बो कवा जागा होतो ते सांगंल. मागं मी आणि धोंडुबाई. ती यायला तयार हाय. ती कालच आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चिमणे, ह्या बारीला मी ढकलणार न्हाय हं." आणि मग आमी दोघीबी रडलो.

गाडी चढली तर माझी कबुली खरी धरावी आणि माझ्यावर जी काय कारवाई असंल ती करावी. मी आनंदानं सही करीन. जन्मात एक तरी गोष्ट माझी खरी ठरंल, आणि ती माझ्या पोरानं खरी केलेली असंल.

आणि न्हायच चढली, तिसऱ्या वळणाला बसली, तर साहेबांनी अहवालात एवढंच लिहावं, "म्हातारी खोटं बोलली." टर्बोबद्दल, पॅटर्नबद्दल, त्याच्या कामाबद्दल वाईट एक अक्षर लिहू नये. खोटी मीच हाय. त्यो न्हवता.

तुमच्या कागदावर पहिल्यांदाच खरं लिहिणारी,

चिमणाबाई गुंडू मोरबाळे
(सही माझी स्वतःची. अंगठा न्हाय. लिहायला आणि सही करायला अमरनंच शिकवलं.)

ठिकाण : कोडोली
दिनांक : ११ मार्च २०२५

सोबत जोडले आहे :
१) अमरसिंह गुंडू मोरबाळे याच्या मृत्यूचा दाखला, प्रत.
२) गाडीच्या कागदांच्या प्रती.
३) नईम यांचं पत्र, की घाटात चौथा गिअर टाकणं खुळेपणा हाय पण गाडी चढंल.
४) बारावा बदल. हे अनुजा म्हणाली म्हणून लिहिते, काय लपवू नये म्हणून. पुढच्या डाव्या सीटसमोर, पायाखाली, सागवानाचा एक बारका पाट हाय, खिळ्यानं ठोकलेला. माझं पाय खाली पोचत न्हवतं म्हणून अमरनं केलता. ह्याच्यामागं माझी कुठलीच थाप न्हाय. मी मागितलाबी न्हवता. गाडी कंपनीसारखी करताना त्यो तेवढा असू द्यावा.