ऐबांची वही

केनवडजवळचा तांडा,
ता. ९ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. रीताताईस, धाकट्या उदयसिंगचा सा. न. वि. वि.

इकडे आमी सर्व बरे आहोत. हरभरा पेरून झाला, तूर फुलावर आली, बापूचा गुडघा दुखते पण ते कबूल करत नाहीत. तू तीन दिवसांपासून मले फोन लावून राह्यली आन लागत नाही, असं तुझ्या सासूनं मोतीमावशीजवळ आन मावशीनं आपल्या बहिणीजवळ, याडीजवळ सांगितलं. तो लागणार नाही. तो विहिरीत आहे. आपल्याच. म्याच फेकला. बापू म्हणले मोटर लावून पाणी उपसू, म्या म्हणलं राहू द्या, बेडकं ऐकतीन गाणे. तवापासून याडी माझ्यासंगं बोलत नाही. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या बाईनं दोनदा पाहिलं मले, की हा पोट्टा खरंच पत्र टाकून राह्यला का.

काहून फेकला ते सांगतो. आपला मावसभाऊ, मोतीमावशीचा विनोद आन रिसोडची वैष्णवी, ज्यांच्यासंगं म्या तीन वर्षं ‘सोयाबीन’ बँड चालवला, ते दोघं पुण्याच्या एका चॅनेलवर मुलाखत देऊन राह्यले होते. बँडचं नाव तेच. गाणारा विनोद, कीबोर्डवर वैष्णवी, पण ड्रमवर कोणी तिसराच, केसाचा बुचडा बांधलेला. मुलाखतवालीनं विचारलं की तुमचा पहिला ड्रमर आता कुठं असतो. तर विनोद हसला आन म्हणला की उदयसिंग फार गुणी कलाकार आहे, लय भारी वाजवते, आमच्या त्याले खूप शुभेच्छा आहेत. वैष्णवीनं मान हालवली.

तुले वाटन, इतकं चांगलं तर बोलला, मंग ह्याच्या पोटात काय दुखते. ताई, तुले आमचा कायदा माहीत नाही.

वैष्णवीच्या बाबाचं रिसोडले धान्याचं गोदाम आहे, तिथं आमची तालीम चाले. तिन्ही बाजूंनी सोयाबीनची पोती, आवाज बाहेर जात नाही. दिवाळीनंतर गोदाम भरलं की ठोका कोरडा, जवळचा येते. उन्हाळ्यात रिकामं झालं की एक ठोका मारला तर तीन परत येतात. तालीम संपली की तिघं पोत्यांवर बसायचो, आन प्रत्येकानं बाकीच्या दोघांचा एकेक ऐब तोंडावर सांगायचा. ऐकणाऱ्यानं उलटून बोलायचं नाही. मंग ज्यानं सांगितला त्यानंच तो वहीत लिहायचा, तारीख टाकून, आन राग तिथंच खतम. माघारी कोणाबद्दल बोलायचं नाही. तारीफ तर बिलकुलच नाही. तारीफ परक्यासाठी. गणपतीत दुसऱ्या पार्टीचे पोट्टे भेटले की विनोद त्यांले म्हणे, लय भारी वाजवता तुमी. आन आमी तिघं खाली पाहून हसू दाबायचो.

ते ‘लय भारी’ त्यानं मले लावलं. साऱ्या जगासमोर. तेराव्याच्या जेवणावर बसून मेलेल्याबद्दल बोलते माणूस, तसा.

कॉलेजचंही म्या कधी त्यांले माघारी बोललो नाही. बँडसाठी तिघांनी एकाच दिवशी कॉलेज सोडायचं, असं पोत्यावर हात ठेवून ठरलं होतं. म्या सकाळच्या बसनं वाशीमले गेलो, दाखला काढला, आन ह्यांची वाट पाहत दिवेलागणीपर्यंत स्टँडवर बसलो. तीन रिसोड गाड्या आल्या, हे दोघं एकीतूनही उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशी गोदामात दोघांचा ऐब तोंडावर सांगितला, वहीत लिहिला, आन बाप्पाशपथ, तिथंच विसरलो. माझं बीएस्सी गेलं ते गेलं. पण जूनमधी हे पुण्याले गेले ते न सांगता गेले. वही न उघडता. मले मावशीच्या ओट्यावर समजलं.

मुलाखतीत त्यांनी आमचं ‘बारदाना’ गाणं वाजवलं. त्याच्यात दुसऱ्या कडव्यानंतर चार ठोक्यांची जागा म्या रिकामी ठेवली होती. तिघंही गप. गोदामात त्या जागेत पोती दबल्याचा आवाज येई. त्या बुचड्यावाल्यानं तिथं गडगडाट भरला, आन विनोद डोळे मिटून डोलत होता.

वैष्णवीबद्दल काही लिहीत नाही. वहीत तिच्या अक्षरात माझे एकोणतीस ऐब आहेत. ‘उदयसिंग माझ्याकडे पाहत वाजवते, म्हणून त्याची लय पळते.’ ‘उदयसिंग भजे खाऊन हात न धुता झांज धरते.’ ताई, ज्याच्याकडे लक्ष नाही त्याच्याबद्दल कोणी एवढं लिहिते का? आन आता नुसती मान.

विनोदनं कॅमेऱ्यासमोर मले शिवी घातली असती तर म्या खुशीत पायी पुण्याले गेलो असतो. आता वाशीमच्या चॅनेलवाल्या पोट्ट्याले बोलावतो आन एकेकाचं सारं सांगतो.

भाऊजीले नमस्कार. तुझ्या भावाची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
उदयसिंग

*

हिंगोली,
ता. १५ नोव्हेंबर २०२५

चि. उदयसिंग यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझे भाऊजी म्हणतात, मेहुण्याले सांगा, पुढच्या वेळी राग आला तर फोन फेकावा, पण आधी चार्जर तरी परत करावा. तो त्यांचा होता.

आता शांत बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस, मले माहीत आहे तू उभाच असशील.

तुमचा कायदा मले समजला, आन खोटं कशाले सांगू, आवडलासुद्धा. आमच्या वॉर्डात अशी एक वही ठेवली तर निम्म्या सिस्टर घरी जातील आन निम्म्यांचं भांडण मिटेल. पण विनोदपुढे कॅमेरा होता. घरातलं बोलणं माणूस पाहुण्यापुढे करते का? याडी तुले दिवसभर गाढव म्हणते आन पाहुणा आला की माझा उदयसिंग म्हणते. म्हणून तू परका झालास का? हे एक.

दुसरं, विनोदनं मले फोन केला होता. तुझा फोन लागत नाही म्हणाला. म्या तुझा पराक्रम सांगितला, तर हसला नाही, हे मले खटकलं. मंग म्हणाला की पत्र लिहितो. आन त्यानं मले आपल्या घराचा पिनकोड विचारला, उदय. वीस वर्षं आपल्या चुलीपाशी बसून भाकर खाल्लेल्या पोराले आपल्या घराचा पत्ता विचारताना ऐकून मले कसंतरीच झालं. मावशीले विचारला असता तरी मिळाला असता. पण लिहितो म्हणाला आहे, तर वाट पाह्य. तोपर्यंत कोणत्याही चॅनेलवाल्यापुढे तोंड उघडू नकोस. वैष्णवीचं नाव तर काढूच नकोस. तिचे बाबा रिसोडातच राहतात.

तिसरं मोठी बहीण म्हणून विचारते. तोंडावर बोलायचा तुमचा एवढा कायदा, तर तीन वर्षांत त्या पोरीले जे सांगायचं होतं ते तू तोंडावर सांगितलंस का? की कायदा फक्त ऐबांपुरताच होता?

याडीशी तूच आधी बोल. बापूच्या गुडघ्याले शेक दे, ते नाही म्हणतील तरी दे. ताईवरचा लोभ रागात विसरू नये.

तुझी,
रीताताई

*

केनवडजवळचा तांडा,
ता. २२ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

बसूनच वाचलं. चार्जर सापडला, मोहनसिंगकाका हिंगोलीले येतीन त्यांच्यासंगं पाठवतो. याडी बोलाले लागली, पहिला शब्द गाढव होता, म्हणजे सारं बरं आहे.

तुझं पत्र यायच्या आधीच वाशीमचा पोट्टा माईक घेऊन आला होता. बाजेवर बसवला, चहा दिला. त्यानं विचारलं की सोयाबीन बँडनं तुमाले दगा दिला का. म्या तोंड उघडलं, ताई, आन एक शब्द निंगला नाही. ते दोघं समोर नव्हते ना. ज्याचा ऐब तो समोर पाहिजे, ही तीन वर्षांची सवय जिभेले लागलेली. अर्धा तास म्या त्याले पोत्याचा आवाज कसा येते तेच सांगत बसलो. तो कंटाळून गेला. मले माझाच लय राग आला.

तुझ्या तिसऱ्या गोष्टीचं उत्तर. नाही सांगितलं. आन त्याच्याहून वाईट ऐक. वहीतला तिचा शेवटचा ऐब मार्चमधला आहे. ‘उदयसिंग एक गोष्ट पोटात ठेवून बसते, सांगत नाही.’ तिनं लिहिलं आन पेन हातातच ठेवून माझ्याकडे पाहत राह्यली. कायद्यानं मले उलटून बोलता येत नव्हतं. त्या दिवसाची माझी पाळी होऊन गेली होती, पण दुसऱ्या दिवशी तर पुन्हा होती! म्या काय सांगितलं असन? तिचा डावा हात कच्चा आहे, म्हणलं. तेच लिहिलंही. त्याच्यानंतर तिनं माझा ऐब कधी सांगितला नाही. आता ते पान उघडलं की वाटते ती वही आपल्याच डोक्यात घालून घ्यावी.

विनोदच्या पत्राची वाट पाहून राह्यलो. पोस्टमन आपल्या बापूचं, गुलाबसिंग राठोडांचं घर विसरला का म्हणून दोनदा केनवडले जाऊन आलो. मले माफी नको, ताई. एकच ऐब पाहिजे. उदयसिंग डोक्याचा गरम आहे, एवढं जरी त्यानं लिहिलं, तरी म्या सारं सोडून देईन. नवा ड्रमरही सोडून देईन.

तुझ्या मायेची सवय आहे, ती मोडू नको.

तुझा,
उदयसिंग

*

पुणे,
ता. २८ नोव्हेंबर २०२५

प्रिय उदयसिंग यांस, स. न. वि. वि.

तुम्ही सर्व खुशाल असाल अशी आशा आहे. आम्ही इकडे मजेत आहोत. मावशी आणि काकांना नमस्कार सांगावा.

पत्रास कारण की, आपल्या तीन गाण्यांचा अल्बम येत आहे. त्यात ‘बारदाना’ही आहे. ‘सोयाबीन’ हे नाव आणि ही गाणी तिघांनी मिळून केलेली असल्याने तुझी संमती असल्याचा एक कागद कंपनीला हवा आहे. तो सोबत जोडला आहे. खाली खूण केली आहे तिथे सही करून लवकर पाठवलास तर फार मदत होईल. औपचारिकताच आहे, दुसरं काही नाही.

तुझं बँडसाठीचं योगदान आम्ही कधीच विसरणार नाही. तू अत्यंत प्रामाणिक, मेहनती आणि गुणी कलाकार आहेस. सगळ्या मुलाखतींमध्ये आम्ही हे आवर्जून सांगतो. तुझ्याकडून आम्हाला खूप शिकायला मिळालं. पुढच्या वाटचालीसाठी मनापासून शुभेच्छा.

असाच स्नेह राहू द्यावा.

तुझा मित्र,
विनोद चव्हाण

उदयसिंग, तुझं वाजवणं खरंच लय भारी होतं. नेहमी आठवते. — वैष्णवी

*

केनवडजवळचा तांडा,
ता. ६ डिसेंबर २०२५

श्री. विनोद चव्हाण यांस, उदयसिंग राठोड याचा स. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. आम्ही सर्व खुशाल आहोत. मोतीमावशींची तब्येतही चांगली आहे. त्या तुमची आठवण काढतात.

कागदावर सही करून सोबत पाठवत आहे. खूण केलेल्या जागी, ‘माजी सदस्य’ ह्या छापील शब्दांच्या बरोबर वर सही केली आहे. ती सरळ रेषेत आली आहे, तरी अडचण येऊ नये.

तुमची मुलाखत पाहिली. तुम्ही फार छान गाता. पट्टी पक्की आहे आणि शब्द स्पष्ट आहेत. ‘बारदाना’च्या दुसऱ्या कडव्यानंतर तुम्ही घाई करता असं पूर्वी कोणीतरी म्हणत असे, वहीत ते एकोणीस वेळा लिहिलेलं आहे. ते चुकीचं होतं. तुम्ही अगदी योग्य वेळी येता. त्या कडव्यानंतर चार ठोक्यांची एक रिकामी जागा होती, ती तुमच्या नव्या ड्रमरने सुंदर भरून काढली. आता तिथे काही ऐकू येत नाही. त्यांनाही माझ्या शुभेच्छा कळवाव्यात. लय भारी वाजवतात.

वही माझ्याकडे आहे. तुमच्या कागदात तिचा उल्लेख नाही, म्हणून ती पाठवत नाही.

तुमच्यासारख्या गुणी कलाकारांचा सहवास मला तीन वर्षं लाभला, हे माझं भाग्य समजतो. इतकी वर्षं ठेवलात तेवढा लोभ पुरेसा आहे.

आपला,
उदयसिंग गुलाबसिंग राठोड

ता. क. वैष्णवीने तुमच्या पत्राखाली दोन ओळी लिहिल्या, त्यांचं उत्तर द्यायला चार दिवस बसलो. तिच्या वाजवण्याबद्दल चांगलं असं एकही वाक्य मले लिहिता आलं नाही. तिचा डावा हात अजून कच्चा आहे. तिले हे असंच्या असं वाचून दाखवजो.