मामा नावाचा राउटर

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. दचकलेला फक्त मी आहे, तोही मंगळवारपासून. मामींचा गुडघा कसा आहे? तुमची साखर? (जिन्याची ती हलणारी पायरी दुरुस्त झाली का? नसेल तर स्वतः हातोडी घेऊ नका, सुतार बोलवा.) तुम्ही म्हणाल, फोनवर 'बरं, ठेवतो' याच्या पलीकडे न जाणाऱ्या भाच्याला एकदम पत्र लिहायची बुद्धी कुठून झाली. मामा, काही गोष्टी फोनवर सांगताना वाचा बसते. शिवाय फोनवर समोरचा मध्येच प्रश्न विचारतो, आणि तुम्ही तर विचारताच.

माझी परीक्षा तुम्हाला ठाऊक आहे. आठ तास एका खोलीत बसून अख्खं नेटवर्क उभं करायचं, मग परीक्षकांनी मुद्दाम मोडून ठेवलेलं दुसरं दुरुस्त करायचं. मागच्या खेपेला मी चौथ्या तासालाच नापास झालो होतो, उरलेले चार तास बरं दिसत नाही म्हणून बसलो. येत्या अठरा तारखेला दुसरी खेप, आणि तीच शेवटची. साहेबांनी स्वच्छ सांगितलंय : पास झालास तर नेटवर्कचा मुख्य तू, नाही तर तळघरातल्या गोदामात केबलची भेंडोळी मोजायला जा. (गोदामाला खिडकी नाही. मी पाहून आलो.) सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस रात्री जागून अभ्यास करतो तो काही विद्येच्या ओढीने नाही.

अभ्यासाचा विषय बीजीपी, म्हणजे राउटरनी एकमेकांना वाटा सांगायची रीत. तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलीत, तेव्हा तुम्हाला पटकन कळेल. राउटर म्हणजे निरोपांना वाट दाखवणारं यंत्र. प्रत्येक राउटर शेजारच्याला सांगतो, अमक्या ठिकाणी जायचंय ना, मग माझ्याकडून जा, मला जवळची वाट माहीत आहे. शेजारचा ते खरं मानतो आणि पुढच्याला सांगतो. सगळ्या जगाचं इंटरनेट या ऐकीव माहितीवर चालतं, खातरजमा जवळपास नाहीच! म्हणून राउटरच्या तोंडाला गाळणी लावतात, म्हणजे तो नको ते बरळत नाही. गाळणी लावायला विसरणं हे या परीक्षेत महापाप.

सरावासाठी मी चार जुने राउटर आणून झोपायच्या खोलीतल्या कपाटात मांडले. (तुमच्या भाचेसुनेचे कपडे सध्या माळ्यावर आहेत. त्या विषयावर घरात बोलणं बंद आहे.) राउटरना नावं द्यावी लागतात, आणि लक्षात राहावीत म्हणून मी ती नात्यातली दिली. दर मिनिटाला 'आहेस ना?' विचारतो तो आत्या. सगळं ऐकून घेतो आणि कोणाला काही सांगत नाही, पण विसरतही नाही, तो सासूबाई. न सांगता बंद पडतो तो मेहुणा. आणि कोणीही कुठलाही पत्ता विचारो, मला विचारा ना म्हणून आधी हात वर करतो, तो मामा. रागावू नका, हे मी प्रेमानेच केलं. सरावाला खऱ्या जगाची चव यावी म्हणून हा मामा मी ऑफिसच्या नेटवर्कला एका चोरवाटेने जोडला. (परवानगी मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून मागितली नाही.)

मंगळवारी सकाळी अभ्यासाची रजा होती. पावणेबाराच्या सुमाराला मी एक ओळ टाइप केली आणि कपाटातले सगळे हिरवे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले. मामा, माझे डोळे भरून आले. वाटलं, विद्या प्रसन्न झाली. बायकोला हाक मारून दिवे दाखवले. तेवढ्यात साहेबांचा फोन : कंपनीचं सगळं बंद पडलंय, पगारापासून फाटकापर्यंत, फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलीय, तू आमचा जाणता माणूस, रजा विसर आणि हे कोणी केलं ते शोध.

मी शोधायला बसलो! कॉलवर आम्ही सात जण. एकेक टप्पा पुढे जात कंपनीच्या निरोपांचा ट्रॅफिक कुठे चाललाय ते बघत होतो, आणि मीच सगळ्यांना धीर देत होतो, गुन्हेगार फार लांब नसणार. मग एक जण म्हणाला, कंपनीच्या बाहेर गेलाय. दुसरा म्हणाला, आपल्याच शहरात आहे. मग माझा भाग आला. मग माझी इमारत आली. शेवटी एका मुलीने मोठ्याने वाचलं, साहेब, सगळी कंपनी 'मामा' नावाच्या एका राउटरकडे चाललीय, तो म्हणतोय की जगातल्या प्रत्येक ठिकाणाची वाट त्यालाच माहीत आहे. गाळणी मी लावली होती हो, पण आत येणाऱ्या बाजूला! बाहेर जाणारं तोंड उघडंच राहिलं होतं. मला एक अक्षर टाइप करता येईना. बायकोने माझ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि भिंतीवरचा प्लग उपटला. कंपनी सुरू झाली. एकूण अकरा मिनिटं. मग साहेबांनी हळू आवाजात विचारलं, हे यंत्र कोणाचं. मी काहीतरी उत्तर दिलं, त्याचा तपशील महत्त्वाचा नाही.

अजून काय लिहू. मामींना नमस्कार सांगा आणि गुडघा शेकायला सांगा.

तुमचा भेदरलेला भाचा

ता. क. : तपशील असा की यंत्र तुमचं आहे, असं मी सांगितलं. मामा आले होते, जुने टेलिफोनवाले, हाताला चाळा म्हणून त्यांनी काहीतरी दाबलं, असं तोंडातून निघून गेलं. शुक्रवारी साहेब तुम्हाला फोन करतील, तेव्हा नुसतं 'हो' म्हणा. मला गोदामात पाठवतील, तुम्हाला एकाहत्तराव्या वर्षी कोण कुठे पाठवणार?

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवलं होतं, फाडून पुन्हा उघडलंय. साहेबांचा आत्ता फोन येऊन गेला. ते रागावलेले नाहीत! म्हणतात, आमची सात माणसं डोकं खाजवत बसली, आणि ज्या गृहस्थाने झोपायच्या खोलीतून, जुन्या यंत्रावर, एका बोटाने अख्खी कंपनी आपल्याकडे वळवली त्याला तू घरी बसवून ठेवलंस? परीक्षेतली जागा कंपनीच्या नावावर असते. अठरा तारखेला माझ्याऐवजी त्यांनी तुमचं नाव कळवलंय.

ता. क. तिसरा : खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण मग गोदाम आठवलं. तुम्ही नाही म्हणणार नाही हे मी जाणून आहे. तेव्हा मामा, जा, पण भाच्यासाठी एवढं करा, नापास व्हा, नाही तर मुख्य तुम्ही व्हाल आणि गोदामात मी जाईन. पहिल्या तासातच व्हा, म्हणजे जेवायच्या आत मोकळे व्हाल. कसं व्हायचं ते मला विचारा, त्या विषयात आमच्या कंपनीत माझ्याइतका अनुभव दुसऱ्या कोणालाच नाही.