हिमोग्लोबिन एकशे अठ्ठावन्न

४ मे, सकाळ
लघवीला जळजळ. चौथा दिवस. कारण सापडलं: राजधानीत, बिश्केकच्या मेंढ्यांच्या बाजारात दोन दिवस लोखंडी बाकावर बसलो, खालून थंडी धरली. बिश्केकमध्ये दुसरं काहीही घडलं नाही. रोजनिशी माझीच आहे, तरी लिहून ठेवलेलं बरं.
ठराव: लोकरीची चड्डी. कडक चहा.

७ मे
जिपारकडे जेवायला. ती शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करते, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. १४ जूनला आमचं लग्न. जेवून उशिरा निघालो. किती उशिरा, ते लिहायची गरज नाही. जळजळीचं बोललो नाही. उगाच तिच्या जिवाला घोर.

११ मे
चड्डीचा उपयोग शून्य. शेवटी डॉक्टर सालतानात यांच्याकडे गेलो. म्हटलं, बाई, बावीस वर्षं गुरांचा डॉक्टर आहे, हजारो मेंढ्यांचं रक्त तपासलंय. माझं रक्त काढा, बाकीचं मी बघतो. त्या म्हणाल्या, स्वॅबही घेऊ. आणि ती काडी दाखवली.
मला अचानक मीटिंग आठवली. रक्त तेवढं दिलं.

१३ मे
रिपोर्ट! हिमोग्लोबिन लिटरमागे १५८ ग्रॅम. पांढऱ्या पेशी जरा जास्त, म्हणजे फौज सज्ज. डॉक्टरबाईंचा फोन आला. म्हणे, ही रक्ताची साधी तपासणी आहे. सिफिलिस, एचआयव्ही रक्तात कळतात, पण त्या तपासण्या वेगळ्या सांगाव्या लागतात. गोनोरियासाठी तर लघवी नाहीतर स्वॅबच हवा. शिकलेली माणसं साधी गोष्ट अवघड करतात. वाक्य संपायच्या आत आभार मानून फोन ठेवला.

१४ मे
रिपोर्ट लॅमिनेट करून जिपारला दाखवला. कौतुकाची अपेक्षा होती. पण खानावळीच्या आरोग्यपुस्तिकेसाठी दर सहा महिन्यांनी तिचं रक्त घेतात, स्वॅबही घेतात. त्यामुळे बाईसाहेब स्वतःला प्रोफेसर समजतात. नीट वाचून म्हणाली, "यावरून एवढंच कळतं की तुम्ही पोटभर जेवता."
मग म्हणे, मेंढा विकत घेताना नुसता कागद बघता का हो? खाली हात घालून बघता ना? बायकांनी इतकं स्पष्ट बोलू नये. तरी विचारत होती, काही त्रास आहे का. मी म्हटलं, छे.

२२ मे
जळजळ जवळजवळ गेली. माझं निदान बरोबर. थंडीच होती.

१ जून
जिपार तीन दिवस फोन उचलत नाही. खानावळीत गेलो तर दुसरीच बाई सूप वाढत होती. म्हणाली, तपासणीत काहीतरी निघालं, म्हणून जिपारला कामावरून थांबवलंय. बिचारी. रक्त कमी असणार, दुसरं काय! मेंढीची दोन किलो कलेजी तिच्या दारात ठेवून आलो. हिमोग्लोबिनचं महत्त्व सांगणारी चिठ्ठीही ठेवली.

३ जून
कलेजी परत आली. चिठ्ठी नाही आली, म्हणजे वाचत असणार.

५ जून
गुप्तरोग दवाखान्याचं पत्र. प्रत्यक्ष हजर राहावे. कारण लिहिलेलं नाही, पण मी ओळखलं. माझा रिपोर्ट तिथपर्यंत पोचला असणार, रक्तदानासाठी बोलावताहेत. गावात असं रक्त दुसरं कुणाचं आहे?
ठराव: नवा कोट. नम्रपणे वागायचं.

८ जून
कोट घालून गेलो. दवाखान्यातल्या बाकावर जिपार. डोळे सुजलेले. दोन आठवड्यांचा पगार बुडाला, शाळेत कुजबुज सुरू आहे, हे सगळं तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं. मग म्हणाली, "त्यांनी विचारलं, कोणाकडून. मी तुमचं नाव दिलं. माझ्याकडे द्यायला दुसरं नावच नव्हतं."
कलेजी ताजी होती, असं काहीतरी म्हणालो.
आत डॉक्टर सालतानातच फॉर्म घेऊन बसल्या होत्या. दार उघडंच. म्हणाल्या, औषधाने बरं होतं, पण संबंध आलेल्या सगळ्यांवर उपचार हवेत. तुमच्याकडून किती नावं?
म्हटलं, एक.
डॉक्टरबाई पेन धरून थांबल्या. बाहेर जिपारही थांबली असावी.
म्हटलं, दोन. दुसरीचं नाव मी विचारलं नव्हतं.
बाहेर बाक करकरला आणि चपलांचा आवाज दवाखान्याच्या बाहेरच्या दारापर्यंत गेला. मग डॉक्टरबाईंनी काडी काढली.