पाटल्यांचं डिपॉझिट

प्रिय दीक्षू,

जय भीम. रोज व्हिडिओवर तुझं तोंड बघते तरी वर हे पत्र, म्हणून हसू नकोस. तुझ्या ऑफिसातला योगेश सुट्टी संपवून परत तैवानला निघालाय. त्याच्याबरोबर जवसाची चटणी आणि भाजणी पाठवतेय, त्याच पिशवीत हेही. रविवारी तू विचारलंस, खराडीच्या कंपनीचं बोलावणं आलंय, हो म्हणू का, मार्चमध्ये कायमची घरी येऊ का? बाबांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि मी म्हणाले, नेटवर्क गेलं. कसलं जातंय! धायरीत पाणी जातं, नेटवर्क नाही. मला तोंडाने उत्तर देता येईना, म्हणून लिहायला बसलेय.

त्या वर्षी तुझ्या डोळ्यांपुढे अंधुक व्हायला लागलं, उजवा पाय उचलेना, आणि मी एकटी तुझ्याकडे यायला विमानात बसले. पासपोर्ट माझाच होता, थायलंडच्या बुद्धदर्शनाच्या सहलीसाठी काढलेला. तेव्हा बाबा म्हणाले होते, मला कुठे जायचंय, मी नाही काढत. निघताना मी माझ्या आईच्या पाटल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या. आपल्याला सवयच तशी गं. दवाखाना म्हटलं की माणूस आधी पैसे भरायच्या खिडकीकडे जातो आणि मग खाटेकडे. तुझ्या वॉर्डात पोचल्यावर तुला नीट बघितलंसुद्धा नाही, आधी रुमाल सोडला आणि नर्सपुढे पाटल्या धरल्या. डिपॉझिट, डिपॉझिट म्हणत राहिले. ती बिचारी हसली, पाटल्या पारदर्शक पिशवीत घातल्या, वर तुझं नाव लिहिलं, माझी सही घेतली आणि हातात चिठ्ठी दिली. मी म्हटलं, चला, सुटलो! घेतलं बाई डिपॉझिट.

पुढे जेवढे दिवस तिथे होतो, तेवढे दिवस माझा जीव त्या पिशवीत. तुला इंजेक्शन दिलं की मनातल्या मनात पाटलीचा एक तुकडा मोडायचा, मशिनमध्ये घालून तपासलं की आणखी एक. कधी संपतील कुणास ठाऊक, संपल्यावर काय, हे तुला विचारायची छाती होईना. आणि घरी सोडायच्या दिवशी तीच नर्स ती पिशवी घेऊन आली, पाटल्या जशाच्या तशा. वाटलं, कमी पडल्या, परत केल्या, आता पोरीला असंच बाहेर काढणार. मी जो गळा काढला! नर्स घाबरली, शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली, आणि तू हसत सुटलीस. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसलीस. त्यांनी त्या नुसत्या सांभाळायला ठेवल्या होत्या, हे कळल्यावर मला लाज वाटायला हवी होती. पण मला इतका आनंद झाला होता की लाजायचं राहूनच गेलं.

मग तू समजावून सांगितलंस. तिथे सगळ्यांचा एकच विमा, एकच कार्ड. ज्याच्या त्याच्या कमाईप्रमाणे पैसे त्यात जातात आणि दवाखान्याला पैसे देणारा एकच. तुझ्या पगारातून ते कापायचे तेव्हा तू किती कुरकुर करायचीस, आठवतंय? मला तर आभार कुणाचे मानावेत हेच कळेना. तिथल्या बसचा ड्रायव्हर, भाजीवाली, ऑफिसातली साहेब माणसं, सगळ्यांचं थोडं थोडं तुझ्या इंजेक्शनात आलेलं. शेवटी दवाखान्याखाली चहात उकडलेली अंडी विकणारी ती बाई होती ना, तिलाच मी हात जोडले. तिला वाटलं मला अंडी हवीत. दोन दिली आणि पैसेही घेतले नाहीत. आजही झोपताना मी त्या बाईचं मंगल चिंतते.

आता इकडचं ऐक. गेल्या हिवाळ्यात बाबांच्या छातीत स्टेंट घातला तेव्हा आम्ही तुला बरंच कमी सांगितलं. डॉक्टरांना नावं ठेवायची नाहीत हं, हाताला गुण असलेला माणूस. पॉलिसीही होती. पण सकाळी घरी जा म्हणाले, आणि विमा कंपनीची मंजुरी येईना म्हणून तुझे बाबा शर्टपॅंट चढवून दिवे लागेपर्यंत खाटेच्या कडेला बसून. म्हणाले, मला डॉक्टरने बरं केलंय, कॉम्प्युटरने अजून केलं नाही. तेव्हापासून त्यांनी ध्यासच घेतलाय. रविवारी विहारात वंदना झाली की उभे राहतात आणि सांगतात, आपल्याकडे कार्डं आहेत, योजना आहेत, कंपन्या आहेत, पण प्रत्येकाची खिडकी वेगळी आणि यादी वेगळी. एकच खिडकी करा, सगळ्यांना एकाच रांगेत घ्या. सोसायटीतले बाळ साठे म्हणाले, दुसऱ्याच्या बिडीचे पैसे मी का भरू? बाबा म्हणाले, साठे, अग्निशमन दलाची गाडी येते तेव्हा आग कुणाच्या बिडीने लागली हे आधी विचारते का? पुढच्या रविवारी साठे स्वतःहून ऐकायला आले.

आणि आता खरं ते लिहिते. तुझा फोन आल्यापासून मी रोज कुणाकुणाकडे जाऊन आले, तुझ्या आजाराचं नाव कागदावर लिहून. एका एजंटाने नाव वाचलं आणि पेनला टोपण लावलं. दुसरा म्हणाला, बाकी सगळ्याला पॉलिसी देतो, एवढा आजार सोडून. सरकारी कार्डाच्या खिडकीवरचा मुलगा भला, यादी दोनदा वाचली त्याने, पण तुला अजून घ्यावं लागतं ते इंजेक्शन सापडलं नाही. खराडीची कंपनी देईल, पण नोकरी आहे तोवर. आणि नोकरी गेली, किंवा पाय पुन्हा उचलेनासा झाला, तर? तर दीक्षू, येऊ नकोस. तुझ्या खोलीतला पंखा बाबांनी कालच बदलला, तरी येऊ नकोस. तुला ये म्हणायला माझी जीभ किती शिवशिवतेय ते माझं मला ठाऊक. पण तू माझ्याजवळ असण्यापेक्षा तू धडधाकट असणं मला जास्त हवंय. इथेही एक खिडकी झाली की पहिलं विमान धर. ती झाल्याशिवाय मी मरत नाही, असं बाबांनी विहारात जाहीर केलंय, म्हणजे त्यांच्या आयुष्याची काळजी मिटली. आणि हो, त्यांचा पासपोर्ट आला. फोटोत चोरासारखे दिसतात. पाटल्या मी काल मोडल्या. ओरडू नकोस, या वेळी खिडकी विमानाच्या तिकिटांची होती. मार्चमध्ये आम्हीच येतोय. त्या अंडीवाल्या बाईला सांगून ठेव, या वेळी मी अंडी विकत घेणार आहे.

तुझीच,
मोकळ्या हातांची आई